नाथसागराची कादंबरी संपली: कोणाला काय वाटलं?

हापसा_चालू (परभणी)

आपल्याकडं क्रमशः चाललेली नाथसागराची कादंबरी एकदाची संपली. मूळ धाग्यावर ‘पुभाप्र’ (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) आणि टाळ्यांचा खच पडलाय, तिथं जरा वाकडं लिहिलं की लोक अंगावर येतात. म्हणून हा वेगळा धागा काढला. शेवट फुटणार आहे. ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागं फिरावं.

नव्यांसाठी थोडक्यात. पाऊस लागोपाठ काही वर्षं दडी मारतो, मग एका सप्टेंबरात असा कोसळतो की नद्या गावंच्या गावं घेऊन जातात. वीज जाते ती परत येतच नाही. बालाघाटावरच्या एका वस्तीतून अकरा माणसं आणि एक गाढव पैठणच्या वाटेला लागतात, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की जायकवाडीचा, म्हणजे नाथसागराचा, मृतसाठा (धरणाच्या तळाचं, दारांतून बाहेर न येणारं पाणी) अजून शाबूत आहे. म्होरकी एक ऊसतोड करणारी बाई. तिला नाव नाही, सगळे मुकादमीण म्हणतात. सोबत म्हातारा बोअरवाला, शाळा सुटलेला एक पोरगा, नवरा पुरात गेलेली एक बाळंतीण, बाकी किरकोळ. पोचतात तेव्हा धरणात नुसता गाळ. टोळी तिथंच ज्वारी पेरते, खलास.

माझं मत सांगतो. पहिला अर्धा भाग अव्वल आहे, आणि तो अव्वल आहे तो पाणीवाटपामुळं. मुकादमीण पाणी माणशी मोजत नाही, ऊसतोडीसारखं कोयत्यानं मोजते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याला एक तांब्या. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला अर्धा तांब्या. लेकरं हिशेबात नाहीत, कारण कारखान्याच्या हिशेबात ती कधीच नव्हती. मग प्रश्न येतो बाळंतिणीचा. ती आता अर्धा कोयता झालेली, अंगावर पिणारं लेकरू, आणि वाट्याला अर्धा तांब्या. मुकादमीण एक रात्र काढते, सकाळी जाहीर करते की लेकरू अर्धा कोयता धरायचं. म्हणजे बाकी सगळ्यांचा घोट कमी. त्या रात्री दोघं जण टोळी सोडून जातात, जाताना कळशी घेऊन. ना मारामारी, ना भाषण. आपल्याकडं पाण्यावर असं लिहिलेलं मी तरी वाचलं नव्हतं.

आणि मग देवगिरीचं प्रकरण येतं. किल्ल्यावर बंदूकवाल्यांची टोळी, त्यांचा स्वतःला सुलतान म्हणवणारा म्होरक्या, ‘अंधारी’ नावाच्या तिथल्या भुयारी वाटेत पाठलाग. हे कुठून आलं? भाषांतरित इंग्रजी कादंबरीतून उचलून खुलताबादच्या रस्त्यावर ठेवल्यासारखं वाटलं.

तुमचं काय?

काहून_बरं (नांदेड)

गाढवाला काहून मारलं? बाकी सगळं माफ.

मांजराकाठ (लातूर)

हापसा_चालू, बंदुकांबद्दल शंभर टक्के. आमच्या लातुरात २०१६ ला धनेगावचं धरण कोरडं पडलं, मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लागलं, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा मी कॉलेजात होतो. शहर कोसळलं असं बाहेरचे लोक लिहू लालते. आतून काय दिसत होतं सांगू का? घागरींची रांग. माणूस नसला तरी घागर उभी. कुणाची घागर कुणाच्या मागं आहे हे अख्ख्या गल्लीला पाठ. रात्री दोनला टँकर आला तरी नंबर मोडायचा नाही, मोडला तर बायका सोडायच्या नाहीत.

म्हणून मला कादंबरीतली ती बंदूकवाली टोळी पटली नाही. लेखकाला दाखवायचंच होतं तर रांग मोडणारा एक माणूस दाखवायचा. त्याचं रांगेनं काय केलं असतं ते वाचायला अंगावर काटा आला असता.

चुनखडी

मांजराकाठ, १४४ कलम उगाच लावलं नव्हतं ना? प्रशासनाला काहीतरी दिसलं असेल म्हणूनच लावलं. तुमच्या गल्लीत रांग नीट होती म्हणून सगळीकडं नीट होती असं कसं? आणि ते पाणी शेवटी बाहेरून आलं. रेल्वे चालू होती, मिरजेला पाणी होतं, वीज होती. कादंबरीत बाहेर असं काही उरलेलंच नाही. रेल्वे येणार नाही हे ज्या दिवशी गल्लीला कळेल, त्या दिवसानंतरची रांग कशी असेल हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. लेखकानं एक अंदाज केला. त्याला तो हक्क आहे.

देवगिरीचं मला वेगळ्या कारणानं खटकलं. किल्ला निवडला तो अंधारी आणि खंदकासाठी, सिनेमासारखा. पण पाण्यासाठी गड धरायचा तर त्या टोळीनं शहरातली नहर धरायला हवी होती. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली तेव्हाची नहर-ए-अंबरी. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून नुसत्या उतारानं शहरात यायचं. पाणचक्कीला पाणी मिळतं ते अशाच नहरीचं. ना मोटार, ना वीज. आज छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं पाणी येतं ते पंपानं वर चढवून. वीज गेली की अख्खं शहर कोरडं, आणि जो कोणी जुनी नहर साफ करून चालू करेल तो राजा. ही गोष्ट इथल्या मातीत पडलेली आहे, तरी लेखक अंधारीत मशाली घेऊन पळतोय!

बोअरबंद (जालना)

आता माझ्या धंद्याचं बोलतो. भाग चौदात बोअरवाला म्हातारा एका रात्रीत, चार माणसांच्या मदतीनं, सहाशे फुटांवरची मोटार वर काढतो. नाही निघत राव.

लोखंडी पाइप असेल तर वीस फुटांचा एक, म्हणजे तीस पाइप. सगळे पाण्यानं भरलेले. तिकाटणं उभं करायचं, चेन-पुली लावायची, एक पाइप वर आला की खालचा क्लॅम्पनं धरायचा, चावी लावून वरचा सोडवायचा, बाजूला ठेवायचा, पुन्हा. एक क्लॅम्प सटकला तर सगळी लाइन मोटारीसकट तळाला, बोअर कायमचा बाद. आटे गंजलेले असले तर तिथंच बसा. रात्रीच्या अंधारात, उपाशी माणसं घेऊन? हां, काळा एचडीपीई प्लास्टिकचा पाइप असता तर जमलं असतं. तो अखंड असतो, आठ-दहा जण खांद्यावर घेऊन शेतातून सरळ चालत जातात, पाइप मागं मागं निघत येतो. लेखकानं ‘पाइप’ एवढंच लिहून वेळ मारून नेलीय.

मोटार काढल्यावर मात्र त्यानं जे केलंय ते बरोबर आहे. चार इंची पीव्हीसीचा दहा फुटी तुकडा, बुडाला रबराची झडप, दोराला बांधून खाली सोडायचा. वीसेक लिटर पाणी येतं. सहाशे फूट ओढायला दम पाहिजे, पण येतं.

मोठी चूक वेगळीच आहे. आपला खडक काळा, बेसॉल्ट. पाणी राहतं वरच्या मुरुमात आणि खाली भेगांमध्ये. सहाशे फुटी बोअरला पाणी लागलं होतं ते कुठल्या तरी भेगेचं, आणि पाऊस दडून बसल्यावर ती भेगही आटते. त्या टोळीनं बोअरच्या नादी न लागता जुने आड आणि बारवा शोधायला हव्या होत्या. सप्टेंबरात तेवढा पूर आलेला, म्हणजे वरचा मुरूम भरलेला असणार. शंभर फुटांच्या आतलं पाणी हापशानंही येतं. आणि हापशाचं म्हणाल तर आमच्या जालन्याचा त्यात हात आहे. गावोगावी दिसणारा इंडिया मार्क टू यायच्या आधी इथल्या मिशनच्या लोकांनी बनवलेला जालना पंप होता, मग सोलापूर पंप, मग तो. कादंबरीत अकरा माणसं अख्खा बीड जिल्हा पालथा घालतात आणि एकही हापसा दिसत नाही म्हणजे कमाल आहे.

हापसा_चालू (परभणी)

माझ्या आयडीची अखेर कोणीतरी दखल घेतली.

तुरीच्या_घुगऱ्या (बीड)

मला पेवाचं प्रकरण फार आवडलं, त्याबद्दल कोणीच का बोलेना?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, आत पोट मोठं, कडेनं कडबा नाहीतर भुसा, वरून दगड आणि मातीनं लिंपलेलं. टोळीला पडक्या वाड्यासमोर पेव सापडतं. सगळे खुश. पोरगा दगड सरकवून आत उडी मारायला निघतो आणि मुकादमीण त्याच्या मुस्काटात मारते. एवढी माया करणारी बाई, पहिल्यांदा हात उचलते. कारण नुकत्याच उघडलेल्या पेवात हवा नसते, आत विषारी वायू साठलेला असतो, उतरलेला माणूस खालीच राहतो. मग ती कंदील दोरीला बांधून खाली सोडते. विझतो. दुपारी पुन्हा सोडते. विझतो. संध्याकाळी तिसऱ्यांदा. अकरा उपाशी माणसं दिवसभर ज्वारीच्या तोंडाशी बसून राहतात आणि खाऊ शकत नाहीत! त्या प्रकरणात कसलीच मारामारी नाही आणि मी एका बैठकीत वाचलं.

बाकी पाथरी, घोळ, तरोटा, हे सगळं ती बाई वेचत चालते तेही बरोबर उतरलंय. माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, मिलोच्या तांबड्या भाकरी आणि सुकडी खाल्लेली. ती रानभाज्यांची नावं अशीच घ्यायची, पाठ म्हणाव्या तशी.

एक खुसपट काढते. पेवातल्या ज्वारीला उब लागलेली असते, वास येतो. खायला चालते, पेरायला नाही, उगवण धरत नाही. शेवटी पेरलेलं बी जर तिथलं असेल तर त्या पेरणीचं काही खरं नाही.

माळवद

मी किल्लारी भागातला. भाग अठरात पाऊस लागल्यावर टोळी एका जुन्या माळवदाच्या घरात झोपते. ते वाचून मी मोबाइल खाली ठेवला.

दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी सर, त्यावर मातीचा थर, दर वर्षी गळू नये म्हणून आणखी माती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा लोक गणपती विसर्जनाहून येऊन झोपले होते, ते ह्याच मातीखाली गेले. आमच्याकडं भिजलेल्या पडक्या माळवदाखाली कुणी पाठ टेकत नाही, बाहेर चिखलात बसेल पण आत जाणार नाही. लेखक मराठवाड्याचा आहे, मुकादमीण चाळिशीच्या पुढची आहे, तिला हे माहीत नसणं शक्यच नाही. ज्या बाईला पेवातला वायू कळतो तिला ओलं माळवद कळत नाही?

आणि माणसांबद्दल. मांजराकाठ आणि चुनखडी वाद घालताय तो मी लहानपणी पाहिलाय. पहिले काही तास बाहेरून कोणीच आलेलं नव्हतं. शेजारच्या गावचे लोक हातानं दगड उपसत होते. मग ढिगाऱ्यात सोनं शोधणारेही आले. दोन्ही खरं आहे. फक्त आधी कोण आलं, ह्याचा क्रम लेखकानं उलटा लावलाय असं वाटलं.

काहून_बरं (नांदेड)

सगळे पाण्यावर, दगडावर बोलू लालेत. माझा प्रश्न तिथंच. ज्या पैठणच्या नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजलं म्हणतात, त्या पैठणच्या वेशीवर येऊन लेखक गाढव कापून खायला घालतो. मुद्दाम केलंय ना? मुद्दाम केलं असेल तर सांगा, मग मी दंडवत घालतो. चुकून झालं असेल तर शिव्या.

चुनखडी

मुद्दामच असणार. त्या प्रकरणात पोरगा म्हणतो ना, ‘ह्याला पाणी पाजायचं होतं तर कावड पाहिजे होती’. मी तेव्हा ओळीवरून तसाच पुढं गेलो, आता तुमच्यामुळं खटका पडला.

गाळपेर (पैठण)

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं. शेवटाबद्दल कोणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहिते.

शेवटी टोळी धरणाच्या पोटात उतरते. गाळाला भेगा, मध्येच एका देवळाचा अर्धा कळस, दगडी चौथरे. मुकादमीण म्हणते, ‘कुणाचीच नाही ही जमीन, पेरा.’ आणि मूळ धाग्यावर ह्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या.

कुणाचीच नाही? १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं, आणि मधल्या काळात शंभराहून जास्त गावं उठली. त्यातलं एक आमचं. आजोबांची काळी जमीन नदीकाठची, चारी बोटं घातली तर वर माती लागावी अशी. बदल्यात मिळालं ते मुरमाड, तेही किती फेऱ्या मारून. पाणी उतरलं की आमच्याकडं अजून लोक जुनं गावठाण बघायला जातात. आजोबा होते तोवर दरवर्षी जायचे. हा आपला पार, हा तालमीचा चौथरा, हे आपलं जोतं. जोत्यावर उभं राहून तंबाखू मळायचे आणि मला सांगायचे, तू आता चुलीत उभी आहेस, सरक.

आणि पाणी उतरल्यावर गाळात पेरतात हेही खरं आहे, म्हणून तर माझा आयडी असा. पण ती पेरणी कोण कुठं करतो ह्यावर भांडणं होतात, कारण कुणाची बांधाची खूण कुठं होती ते लोकांच्या लक्षात आहे. पाण्याखाली एवढी वर्षं जाऊनही. लेखकानं पाण्यासाठी कोयत्याचा हिशेब एवढा बारीक लावला, आणि जमिनीची वेळ आली तेव्हा एका वाक्यात सातबारा कोरा करून टाकला. त्या चौथऱ्यांवर एक जरी म्हातारा बसलेला दाखवला असता, ‘हे माझं जोतं आहे, इथं पेरायचं तर मला विचारा’ म्हणणारा, तर मी मानलं असतं. मग मुकादमिणीनं काय केलं असतं ते मला वाचायचं होतं.

हापसा_चालू (परभणी)

गाळपेरताई, हे मूळ धाग्यावर लिहा. खरंच.

मांजराकाठ (लातूर)

+१. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो.

बोअरबंद (जालना)

मृतसाठ्याचंही एक बघा. जायकवाडीचा मृतसाठा कागदावर २६ टीएमसी, म्हणजे लातूरसारखी किती शहरं पितील. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात त्यातूनच उपसा चालू होता. ‘पोचले तर पाणीच नाही’ हे लेखकानं एका ओळीत उरकलं. धरण उथळ आहे, पसरट आहे, उन्हात वाफेनं किती जातं, गाळानं किती जागा खाल्ली, हे पोराच्या तोंडून दोन वाक्यांत आलं असतं तरी चाललं असतं. नाहीतर वाचणारा म्हणणार, अकरा माणसांना २६ टीएमसी पुरलं नाही होय!

अठ्ठाविसावा_दरवाजा

मूळ लेखक. इथं यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

बियाणं: घुगऱ्याताई, भाग नऊ पुन्हा वाचा. घर सोडताना मुकादमीण आढ्याला टांगलेली मालदांडी ज्वारीची कणसं उतरवते आणि पडशीत घालते. वाटेत सगळे उपाशी मरायला टेकतात तरी ती पडशी उघडत नाही, पोरगा तिला एकदा चोर म्हणतो ते त्यामुळंच. पेवातली ज्वारी खाल्ली, पडशीतली पेरली. मुद्दाम उलगडून सांगितलं नाही.

बोअरबंददादा, पाइप एचडीपीईच होता, लिहायला पाहिजे होतं ते ठीक. हापसे दिसत नाहीत कारण भाग तीनमध्ये लोकांनी लोखंडासाठी ते उपटून नेलेत. एक वाक्य आहे, बघा.

बंदुकांवर मी मागं हटणार नाही. आपली माणसं चांगलीच असतात हे वाचायला बरं वाटतं. मांजराकाठ, तुमची रांग मी कादंबरीत घेतली असती तर तुम्ही सगळे रडला असता आणि मूळ धाग्यावर अजून दोनशे टाळ्या आल्या असत्या. पण २०२५ च्या सप्टेंबरात परांड्याकडं सीना पसरली तेव्हा मी मदतीला गेलो होतो. एकाच शिवारात छातीभर पाण्यातून दुसऱ्याची म्हैस ओढून काढणारा माणूसही पाहिला आणि ट्रॅक्टरनं सोडायचे पैसे मागणाराही. तो दुसरा माणूस पाच वर्षांनी बंदूक घेऊन देवगिरीवर बसलेला असेल, एवढंच मी लिहिलं. सुलतान म्हणवून घेणं जास्त झालं असेल तर होऊ दे. चुनखडी म्हणतात ती नहर मात्र माझ्या टिपणात होती, शहरात टोळी शिरली तर कादंबरी तिथंच अडकेल म्हणून काढली.

माळवदाला माझ्याकडं उत्तर नाही.

गाढव मुद्दाम.

गाळपेरताई, ‘कुणाचीच नाही’ हे वाक्य माझं नाही, मुकादमिणीचं आहे. जिच्या नावावर उभ्या जन्मात गुंठाभर जमीन नव्हती ती बाई धरणात उतरल्यावर दुसरं काय म्हणेल? तिला बांधाच्या खुणा दिसत नाहीत, कारण तिच्या घराण्यात कुणाला बांधच नव्हता.

गाळपेर (पैठण)

तिचं वाक्य तिचंच, मान्य. पण तिला उत्तर द्यायला तुम्ही तिथं कुणालाच ठेवलं नाही, हे तुमचं. टोळीतल्या अकरापैकी एक जण पैठण भागातला दाखवायला काय अडचण होती?

काहून_बरं (नांदेड)

दंडवत घातलाय, गाढवापुरता.

अठ्ठाविसावा_दरवाजा

अडचण अशी की तसा माणूस आला की कादंबरी गाळात संपत नाही, तिथून सुरू होते. आणि ती मला येत नाही, ते घर माझं बुडालेलं नाही. तुम्ही लिहिता का? पेरणीच्या दुसऱ्या दिवसापासून. मुकादमीण वापरा, पोरगा वापरा, माझी काही हरकत नाही.

गाळपेर (पैठण)

बघते. मुकादमिणीला मी सोडणार नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

बोअरबंद (जालना)

लिहिलंत तर हापशाचं लोखंड कुणी नेलं तेही येऊ द्या. साध्या पान्यानं दांडा निघतो, खालचे पाइप निघत नाहीत, आणि खरं लोखंड तर जमिनीखालीच असतं. भाग तीन मला अजून पटलेला नाही.

तुरीच्या_घुगऱ्या (बीड)

पुभाप्र!